गुरुजी आणि पद्मिनी

शहापूर-मुरबाडकडे वयात आलेल्या पोराचा बाप त्याच्या काळजीवरून ओळखू येतो. पोरगं बैलगाडा शर्यतीच्या नादाला लागलं असेल, तर बाप बारा महिने पेंडीच्या भावाबद्दल बोलतो. २०२३च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने शर्यतींना कायमचा हिरवा कंदील दाखवला, तेव्हा पोरांनी गुलाल उधळला आणि अशा बापांनी कपाळाला हात लावला. पोरगं एखाद्या दादांच्या मागे फिरत असेल, तर त्याचं तोंड घरात दिसत नाही, नाक्यावरच्या फ्लेक्सवर खालून दुसऱ्या रांगेत दिसतं. समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्यांची तऱ्हा आणखी निराळी. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, पण मोबदल्यातून घेतलेल्या काळ्या काचांच्या गाड्या त्याच्या कितीतरी आधी धावायला लागल्या होत्या. पुढे पोरगं गॉगल लावून, मागे बाप देवाचं नाव घेत.

हे सगळे बाप एसटी स्टँडसमोर कटिंग पिताना एकमेकांची समजूत घालू शकतात. आमच्या गुरुजींची समजूत कुणालाच घालता येत नाही. त्यांच्या चिरंजिवांनी नवी गाडी मागितली असती, तर गुरुजी 'नाही' म्हणून मोकळे झाले असते. 'नाही' म्हणायचा त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेतला पंचवीसेक वर्षांचा सराव आहे. पण चिरंजिवांनी मागितली जुनी गाडी, तीही बंद पडलेली, आणि तीही फुकट मिळणारी. फुकट गोष्टीला नाही कसं म्हणायचं हे डी.एड.ला शिकवत नाहीत.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४ची. गुरुजींच्या सासऱ्यांची. सासऱ्यांची मुरबाडच्या पुढे भाताची गिरणी होती. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी मिळायला त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. सासऱ्यांनी नंबर लावला तेव्हा काकू, म्हणजे गुरुजींची सौभाग्यवती, रांगत होत्या. गाडी दारात आली तेव्हा त्या पहिलीच्या वर्गात होत्या. पुढे सासरे गेले, गिरणी गेली, आणि गाडी गोठ्याशेजारच्या पडवीत जाऊन बसली. मागच्या सीटवर दरवर्षी एक खुडूक कोंबडी अंड्यांवर बसायची. दहावीची परीक्षा संपवून चिरंजीव मामाकडे गेले ते दुपारी त्याच गाडीत झोपायला लागले. आठवड्याभराने त्यांनी बॉनेट उघडलं. मामा म्हणाला, "ने की घरी. कोंबडी तेवढी ठेव."

मामा ही संस्था बापाच्या विरोधासाठीच निर्माण झालेली आहे, हे गुरुजींचं जुनं मत होतं. आता त्याला पुरावा मिळाला.

विटांचा रिकामा ट्रक शेताच्या बांधाला मागून लावला, आठ जणांनी ढकलून पद्मिनी वर चढवली आणि वरात सरळगाव, किन्हवली करत शहापूरकडे निघाली. मागून स्कूटरवर गुरुजी. डोक्यावर हेल्मेट, छातीशी कागदपत्रांची फाइल. किन्हवलीच्या नाक्यावर कुणीतरी ओळखीच्याने हाळी दिली, "गुरुजी, काय नेताय?" गुरुजी तोंड उघडणार तोच ट्रकवरून मामा ओरडला, "आमच्या ताईचा हुंडा! द्यायचा राहिला होता!"

गुरुजींनी नारळ-सुपारी घेऊन लग्न केलेलं. हुंडाबंदीच्या प्रभातफेरीत दरवर्षी सगळ्यांत पुढे त्यांचा आवाज. ट्रक शहापूरला पोचायच्या आत बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत शिपायाने पेढे मागितले.

आता विरोध करायचा, तर तो रीतसर केला पाहिजे. गुरुजींचा स्वभावच तसा. धड्याची तयारी केल्याशिवाय ते वर्गात पाऊल टाकत नाहीत, आणि तयारी केल्याशिवाय ते कुणाला रागावतही नाहीत. त्यांनी आधी मोटार वाहन कायदा वाचला. कलम १९९-अ सापडल्यावर त्यांचा चेहरा उजळला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. शाळेतून बाद झालेला एक फळा होता, तो त्यांनी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये टांगला आणि जिथे सुविचार लिहायचा तिथे रंगीत खडूने हे कलम लिहिलं. खाली नक्षी काढली. चिरंजिवांनी त्याच फळ्याच्या उरलेल्या भागावर लिहिलं : पॉइंट, कंडेन्सर, प्लग ४, फॅन बेल्ट, होज पाइप. दोघांचंही अक्षर सारखंच वळणदार आहे. त्यामुळे परक्या माणसाला तो एकाच धड्याचा गोषवारा वाटतो.

मग निघाला अर्जाचा नियम. गाडीसाठी एक रुपयाही लागला तरी लेखी अर्ज. हे अर्ज मी पाहिलेले आहेत. गुरुजी ते पंच करून फाइलला लावतात. एकाचा मजकूर असा : 'प्रति, मा. बाबा यांस. विषय : कार्बोरेटरचे किट मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंति करण्यात येते की, सद्यःस्थितीत कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत असल्याने दुर्घटनेची शक्यता नाकारता येत नाही. तरी किट मंजूर करून उपकृत करावे. आपला आज्ञाधारक.' त्यावर लाल शाईत गुरुजींचा शेरा : 'विनंती' दीर्घ. तीन दरपत्रके जोडावीत.

पोराने तीन दरपत्रकं आणली. एक कल्याणचं, एक कुर्ल्याचं, एक मिस्त्रींच्या तोंडी दराचं, त्यावर मिस्त्रींची सही आणि शेजारी ग्रीसचा अंगठा. गुरुजींना सगळ्यांत स्वस्त दर मंजूर करावा लागला. नियम त्यांनीच केलेला.

हे मिस्त्री वासिंदला राहतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मुंबईतल्या टॅक्स्यांखाली आडवं पडून काढली. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी उतरली आणि मिस्त्रींच्या हातांना काम उरलं नाही. गुरुजींच्या अंगणात पद्मिनी आहे हे कळल्यावर ते लोकल पकडून आपणहून आले. बॉनेट उचललं, वाकून बराच वेळ आत पाहत राहिले, मग म्हणाले, "गुरुजी, इंजिनाचा दोष नाही. माणसांनी दुर्लक्ष केलं." गुरुजींना हे वाक्य शिक्षण खात्याबद्दल वाटलं आणि तिथेच त्यांची मिस्त्रींशी मैत्री झाली. तेव्हापासून दर रविवारी मिस्त्री येतात. मजुरी घेतात ती चहा, नाश्ता आणि गुरुजींशी वाद.

चिरंजिवांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण ते फार बोलत नाहीत. "हो बाबा", "बघतो बाबा" आणि "दहा-अकराचा पाना कुठंय?" एवढाच त्यांचा शब्दसंग्रह. नखांत काळं, शर्टाला काळं, जेवणाच्या ताटाच्या कडेला काळं. ओळखीच्या शहाण्या लोकांनी गुरुजींना धीर दिला होता की गाडीच्या निमित्ताने पोराचं फिजिक्स सुधारेल. तसं काही झालं नाही. फिजिक्स होतं तिथेच आहे. मराठी मात्र चांगलंच सुधारलं, अर्ज लिहून लिहून.

सामान आणायला कुर्ल्याला पोराला एकटं पाठवायचं नाही, हा गुरुजींचा पुढचा नियम. फसवतील, किंवा त्याहून वाईट म्हणजे तो आणखी एक गाडी घेऊन येईल. म्हणून गुरुजी स्वतः जातात. ज्या कुर्ल्यात ही गाडी जन्मली, तिथेच आता तिच्या भाईबंदांचे दरवाजे, दिवे, गिअरबॉक्स सीएसटी रोडच्या कडेला सुटे मांडलेले असतात. सुरुवातीला गुरुजी दुकानाबाहेर उभे राहायचे, नाकाला रुमाल लावून. हल्ली सायलेन्सर हातात घेऊन, त्यावर टिचकी मारून, पत्र्याच्या जाडीवर मत देतात. एकदा असाच वर्तमानपत्रात गुंडाळलेला सायलेन्सर घेऊन ते आसनगाव लोकलमध्ये बसले. तिकीट तपासनीसाने विचारलं, "मास्तर, हे काय आहे?" गुरुजी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, "शैक्षणिक साहित्य." त्या दिवशी घरी आल्यावर ते बराच वेळ स्वतःवर नाराज होते. खोटं बोलल्याचं दुःख होतंच, त्याहून जास्त दुःख ते सहज जमल्याचं होतं.

आणि आरटीओ! खरं सांगायचं तर गुरुजींना पद्मिनीत जिव्हाळ्याचं काही सापडलं असेल, तर ते इंजिन नाही, तिचे कागद. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायची. त्याची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना आणखी दुप्पट. शिवाय पर्यावरण कर. शिवाय गाडी अजून कैलासवासी सासऱ्यांच्याच नावावर, म्हणजे वारसांचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, मृत्यूचा दाखला. दुसरा कुणी असता तर हे ऐकून गाडी भंगारात घालून मोकळा झाला असता. गुरुजींनी बाह्या सरसावल्या. जनगणना, मतदारयाद्या, पोषण आहाराची नोंदवही यांतून पार पडलेला माणूस फॉर्मला काय भिणार? सध्या फाइल तीन इंच जाड आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असतात, हा २०२१चा नियमही त्यांना तोंडपाठ आहे. "वीस हजार फी. पण आपली १९८४ची, म्हणजे २०३४ शिवाय नाही," ते सांगतात. ऐकणाऱ्याने त्यांच्या 'आपली'कडे लक्ष दिलं, की लगेच दुरुस्ती करतात : "म्हणजे त्या भंगाराची."

भंगार हा शब्द त्यांनी सोडलेला नाही. तो सोडणं म्हणजे माघार. एप्रिल-मेमध्ये तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर सुरू होतात. भातसा, तानसा, मोडकसागर, सगळी धरणं आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि आमच्या बाया हंडे घेऊन टँकरच्या मागे. त्या दिवसांत रेडिएटरला पाणी लागलं तर गुरुजी बादली मोजून देत आणि म्हणत, "भंगाराला पाणी पाजतोय!" मग जून लागला, पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला, तेव्हा अर्ध्या रात्री ताडपत्रीची दोरी सुटल्याचा आवाज सगळ्यांत आधी गुरुजींनाच ऐकू आला. छत्री घेऊन ते बाहेर गेले आणि भंगाराला नीट पांघरूण घालून आले. सकाळी पोराला म्हणाले, "रात्रभर ताडपत्रीचा फडफडाट. झोप म्हणून नाही लागली."

काकू या सगळ्यात नसतात. वडिलांची गाडी अंगणात आली तेव्हा त्यांनी हळद-कुंकू लावलं, आणि त्यानंतर त्या विषयात पडल्या नाहीत. एकदाच पडल्या. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. मिस्त्री, गुरुजी आणि चिरंजीव असे तिघे पुढे बसून तिसरा गिअर पडत नाही यावर तासभर चर्चा करत होते. गुरुजी आकृती काढून दाखवत होते. काकू बाजारातून आल्या, दाराच्या खिडकीतून हात आत घातला, पोराला म्हणाल्या, "क्लच दाब", आणि खटकन तिसरा टाकला. दुसऱ्या हातात भाजीची पिशवी तशीच होती. "बाबांनी शिकवलं होतं मला," म्हणाल्या आणि आत गेल्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे गुरुजींना ठाऊक नव्हतं. घरात मोटार चालवता येणारी एकच व्यक्ती आहे आणि ती आपण नव्हे, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मिस्त्रींनी सांगितलं, सगळ्यांना.

गुरुजींचं गाडीविषयी एक स्वतःचं तत्त्वज्ञान आहे. ते त्यांनी मला शाळेच्या व्हरांड्यात, पोरं खिचडी खात असताना सांगितलं. त्या आठवड्यात नाशिक हायवेवर दोन पोरं बाइकवरून गेली होती; पैकी एक गुरुजींचा जुना विद्यार्थी. "सर," गुरुजी म्हणाले, "संध्याकाळी सात वाजता तालुक्यात कुणाचं पोरगं कुठे आहे, हे कुठल्या बापाला सांगता येतं? मला येतं. गाडीखाली आहे. पाय बाहेर दिसतात." थोड्या वेळाने म्हणाले, "गाडी बंद आहे तोवर चांगली आहे हो."

आणि इथेच पंचाईत सुरू झाली. कारण मिस्त्री मन लावून काम करत होते, पोरगं तर त्याहून मन लावून, आणि स्वतः गुरुजींनी मंजूर केलेलं सामान एकेक करून जागेवर बसत होतं. दिवाळीच्या सुमाराला मिस्त्री म्हणाले, "आता आठ-पंधरा दिवसांत बोलेल."

गुरुजी हबकले. मिस्त्रींनीच कधीतरी गप्पांत सांगितलेलं त्यांना आठवलं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली अंगठ्याएवढा रोटर असतो. तो गरगर फिरून चारी प्लगना पाळीपाळीने करंट वाटतो. तो काढून घेतला की किल्ली असो नसो, गाडी सुरू होत नाही. चोरीच्या भीतीने जुने गाडीवाले रात्री रोटर काढून उशाशी घेऊन झोपत. दुसऱ्या दिवसापासून गुरुजी सकाळी अंगणात जाऊन टोपी उघडायचे, रोटर काढून सदऱ्याच्या खिशात खडूंबरोबर ठेवायचे आणि शाळेला जायचे. संध्याकाळी परत बसवायचे. एकदा भागाकार शिकवताना खडू म्हणून रोटरच फळ्यावर घासला. पोरं हसली. गुरुजींनी प्रसंग ओळखून विद्युत मंडलाचा पाठ घेतला. चौथीला तो नाही.

चिरंजीव आठ दिवस कॉलेजातून येऊन किल्ली फिरवत राहिले. सेल्फ फिरायचा, इंजिन धरायचं नाही. "बघतो बाबा," म्हणायचे. गुरुजी सहानुभूतीने मान हलवायचे. "जुनं यंत्र. घाई करू नये."

मग एका दुपारी गुरुजी शाळेतून परतले आणि आळीच्या तोंडाशीच थबकले. अंगणातून इंजिनाचा आवाज येत होता. चारी सिलिंडरवर, संथ, मधूनच एक उचकी. गुरुजींचा हात खिशाकडे गेला. रोटर खिशात होता. त्यांनी बाहेर काढून पाहिला, पुन्हा ठेवला. फाटकात उभे राहून ते इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ओरडले, ते शब्द आमच्या आळीत आता म्हणीसारखे वापरले जातात :

"दुसऱ्या रोटरचा अर्ज कुठंय?"

दुसऱ्या दिवशी अर्ज आला. 'विषय : रोटर खरेदीस कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत.' एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. गुरुजींनी दोनदा वाचला आणि लाल शाईत लिहिलं, 'मंजूर. पुनरावृत्ती टाळावी.'

इंजिन सुरू झालं, पण गुरुजींच्या नशिबाने गाडी अजून जागची हललेली नाही. मिस्त्रींनी जॅक लावून खाली डोकावलं तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून चाळण झालेला निघाला. ब्रेकचे सिलिंडर जाम. मागच्या काचेचं रबर गेलेलं. पत्राकाम, मग लांबी, मग प्रायमर, मग रंग. गुरुजींनी फळ्यावर यादी केली आणि शेवटी एकूण तारखांचा हिशेब मांडला तेव्हा ती बारावीची लेखी परीक्षा ओलांडून उन्हाळ्यात जात होती. केवढं हलकं वाटलं त्यांना त्या दिवशी! पोराला त्यांनी स्वतःहून चहा नेऊन दिला.

मागच्या महिन्यात माहुलीच्या पायथ्याला बंगला बांधलेले एक मुंबईकर साहेब आले. बंगल्यासमोर हिरवळीवर जुनी गाडी उभी करायची त्यांची इच्छा. फोटो काढायला. चालली नाही तरी चालेल म्हणाले, आणि जो आकडा बोलले तो ऐकून मी आणि मिस्त्री एकमेकांकडे पाहायला लागलो. गाडीखालचे दोन पाय हलायचे थांबले.

गुरुजींनी चष्मा पुसला. "साहेब, तुम्हाला अंधारात ठेवणं बरोबर नाही," ते म्हणाले आणि छडी घेऊन फळ्यापाशी गेले. फ्लोअरचा पत्रा. ब्रेक सिलिंडर. डिस्ट्रिब्युटरची टोपी, बारीक तडा. स्टिअरिंगमध्ये खेळ. वायरिंग जागोजागी जोडलेलं. दुसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी. कागद सासऱ्यांच्या नावावर, वारस पाच, पैकी एकाचं कुणाशी पटत नाही. पोषण आहाराच्या तांदळातले खडे दाखवावेत तसा एकेक दोष त्यांनी छडीच्या टोकावर साहेबांपुढे धरला. साहेब मध्येच म्हणाले, "मला नुसती उभीच करायचीय." गुरुजी म्हणाले, "उभी केली तरी पावसाळ्यात खालून सडेल. ताडपत्री कोण बांधणार रात्री?"

साहेब वैतागले. "अहो गुरुजी, एवढं भंगार आहे, तर मग तुम्ही कशाला ठेवलंय?"

गुरुजींनी त्यांच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं.

"मुलगा बारावीला आहे ना," ते म्हणाले.